बंद दार, कोयता आणि कलम १०० : एक प्रकरण अभ्यास

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. पोलीस, नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यामधली धावपळ हे माझं रोजचं काम. इथे मांडलेली हकीगत गेल्या आषाढातली आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाव, वयं आणि नात्यांतले काही तपशील बदलले आहेत, नावं कुणाचीच घेतलेली नाहीत. घरातले दोघे भाऊ इथे फक्त थोरला आणि धाकटा म्हणून येतील.

पार्श्वभूमी

उसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. जुन्या पेठेत दुमजली घर, खाली थोरला, त्याची बायको आणि मुलं, वर आई आणि धाकटा. धाकटा चौतीस वर्षांचा, आयटीआय झालेला, पुण्याजवळच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला होता. तीन वर्षांपूर्वी तिथेच त्याची झोप उडाली आणि सोबतचे कामगार आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटू लागलं. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या लागू पडल्या, तो पुन्हा कामावर रुजू झाला.

मग घरात त्याच्या लग्नाचं निघालं. मुलीकडच्यांना गोळ्या दिसायला नकोत म्हणून घरच्यांनीच त्या बंद करायला लावल्या. हे मला आईने सांगितलं ते तो वॉर्डात दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी. तोवर सगळे मला आणि पोलिसांना सांगत होते की तो ऐकत नाही, गोळ्या फेकून देतो. सुरुवातीला मीही ते तसंच केसपेपरवर लिहून घेतलं होतं.

गोळ्या सुटून सात महिने झाले तेव्हा नोकरी गेलेली होती, लग्न फिसकटलं होतं आणि तो गावी परत आला होता. आता त्याचा संशय पाण्यावर गेला. घराची टाकी शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे. शेजारी त्या टाकीत औषध कालवतात असं त्याने मनाशी घेतलं. आमच्याकडे औषध म्हणजे पिकावर फवारायचं विष. आधी त्याने नळाचं पाणी पिणं सोडलं, मग त्या पाण्यात शिजवलेलं खाणं सोडलं, मग घरातल्या प्रत्येक नळाच्या तोंडाला फडकं बांधून वर सुतळीच्या गाठी मारल्या. शेवटी आईलाही पाणी बंद केलं. तिच्यावरच्या मायेपोटीच. आई अडुसष्ट वर्षांची, मधुमेहाची.

अडचण

सोमवारी रात्री त्याने वरच्या मजल्याचं दार आतून लावून घेतलं. आई आत होती. ऊस तोडायचा कोयता त्याने खिडकीच्या कठड्यावर ठेवला, शेजाऱ्यांना दिसेल असा. थोरल्याने ११२ ला फोन केला.

गाडी आली, दोन पोलीस आले, खालूनच बोलले. त्यांचं म्हणणं, घरातला मामला आहे, सकाळी ठाण्यात येऊन तक्रार द्या. स्टेशन डायरीत नोंद झाली ती अशी : भावाभावांत किरकोळ वाद, समज देण्यात आली. त्या एका ओळीने पुढचा दीड दिवस खाल्ला. मंगळवारी सकाळी पाळी बदलली आणि नव्या ठाणे अंमलदाराने तीच ओळ वाचून थोरल्याला जमिनीचा वाद आहे का, असं विचारलं. वाद होता. तीन एकराच्या वाटणीचा दावा दोन वर्षं चालू आहे. त्यामुळे थोरला भावाला वेडा ठरवायला निघालाय, असा सरळ अर्थ पोलिसांनी काढला. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. अशी प्रकरणं आम्ही पाहिलेली आहेत.

मंगळवारी दुपारी शेजारी ठाण्यात गेले. कोयता दिसतोय, आमच्या पोरांना काही झालं तर, असं त्यांनी सांगितल्यावर मात्र यंत्रणा हलली. हद्दीचे सहायक पोलीस निरीक्षक (एपीआय), म्हणजे त्या ठाण्याचे प्रमुख, स्वतः येऊन पाहून गेले. आशा सेविकेने माझा नंबर त्यांना दिला आणि मंगळवारी संध्याकाळी मी तिथे पोचले.

वरच्या खिडकीखाली उभी राहून मी चाळीस मिनिटं त्याच्याशी बोलले. तो शिव्या देत नव्हता. आवाज कोरडा पडला होता, ओठ फुटलेले दिसत होते. आई एकदाच खिडकीशी आली, हाताने ठीक आहे अशी खूण केली आणि आत गेली. तिने इन्सुलिन घेतलं की नाही हे विचारायचं मला सुचलं नाही. त्या चाळीस मिनिटांतली माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्यातलं कलम १०० पोलिसांसाठी आहे. हद्दीत कुणी भटकताना आढळलं, ती व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण असलं, तर ठाण्याच्या प्रमुखाने तिला संरक्षणात घ्यायचं. मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरेल असं मानायला कारण असेल, तरीही तेच करायचं. हे कलम पोलिसांना अधिकार देतं असं आपण बोलण्यात म्हणतो, पण कायद्याचा शब्द कर्तव्य असा आहे.

संरक्षणात घेतल्यावर का घेतलं हे त्या व्यक्तीला सांगायचं. तिला ते समजणं अवघड असेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे तिच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, सांगायचं. लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. तपासणीत दाखल करण्याइतका आजार नाही असं ठरलं तर पोलिसांनीच तिला घरी सोडायचं, आणि बेघर असेल तर शासनाच्या निवाऱ्यात.

याआधीच्या १९८७ च्या कायद्यात पोलिसांनी अशा माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं आणि त्यांच्या आदेशावर मनोरुग्णालयात न्यायचं, अशी रीत होती. नव्या कायद्याने पोलिसांची गाडी कोर्टाकडून दवाखान्याकडे वळवली. पण जुनी रीत माणसांच्या हातात इतकी बसली आहे की दवाखानेही अजून कोर्टाचा कागद मागतात. आमच्या प्रकरणातही तसंच झालं, ते पुढे येईल.

समोर असलेले पर्याय

बुधवारी सकाळी ठाण्यात एपीआय साहेब, ठाणे अंमलदार, थोरला आणि मी बसलो.

अंमलदारांचा पहिला प्रस्ताव होता एकशे एक्कावन्नचा, म्हणजे प्रतिबंधात्मक अटक. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १५१ आता नागरिक सुरक्षा संहितेत १७० झालंय, पण ठाण्यात सगळे जुनाच आकडा बोलतात. कागद ओळखीचा, काम झटपट. अडचण अशी की त्यात माणूस कोठडीत जातो, तहसील कचेरीत उभा राहतो आणि बाँड देऊन होता तसाच घरी परत येतो. उपचार कुठेच नाहीत. शिवाय हा माणूस आजारी आहे असं पोलीस स्वतः म्हणत असतील, तर त्याला कोठडीत टाकायची वाट कायद्याने बंद केलेली आहे. कोयत्यावरून शस्त्र कायदा लावायचीही चर्चा झाली. ज्या गावात घरटी दोन कोयते आहेत तिथे तो गुन्हा किती टिकला असता कोण जाणे, पण धाकट्याच्या नावावर मात्र कायमचा चढला असता. साहेबांनी तो विषय स्वतःच मिटवला.

थोरल्याने मान खाली घालून एक गोष्ट सांगितली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राशी त्याचं बोलणं झालं होतं. ते रात्री चार माणसं पाठवणार, इंजेक्शन देऊन उचलून नेणार, सहा महिने ठेवणार. त्याने आगाऊ रक्कमही भरली होती. मी त्याच्यावर रागावले नाही. सोमवारी रात्री पोलीस खालूनच परत गेल्यावर या माणसाकडे दुसरं काय उरलं होतं? पण हा बेकायदा मार्ग आहे. रात्री दार फोडून चार अनोळखी माणसं आत शिरली असती, तर ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्याला मारायला येणार आहेत, त्याने खिडकीत कोयता कशासाठी ठेवला होता?

चौथा पर्याय दंडाधिकाऱ्यांचा. कलम १०१ आणि १०२ प्रमाणे पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि त्यांनी तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत दाखल करायचा लेखी आदेश द्यायचा. साहेबांचा ओढा याकडे होता. कोर्टाचा कागद असला की उद्या कुणी आमच्यावर बोट दाखवणार नाही, असं ते सरळ म्हणाले. जिथे पोलिसांच्या हातात दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची दोरी असते तिथे न्यायाधीशाची नजर असणं चांगलंच, असं माझंही मत आहे. पण पोलिसांनी कळवायचं कलम १०१ आहे ते घरात छळ किंवा हेळसांड होत असलेल्या आजारी माणसासाठी. धाकट्याला कुणी छळत नव्हतं. आणि आदेश हाती यायला संध्याकाळ झाली असती.

पाचवा पर्याय माझा होता : थांबायचं, रोज खिडकीखाली जायचं, ओळख वाढवायची, डॉक्टरांना घरी आणायचं. जबरदस्ती सगळ्यात कमी याच वाटेने झाली असती. तो घरात एकटा असता तर मी याच वाटेसाठी भांडले असते. पण आत आई होती, आणि तिच्या पोटात पाणी जाऊन किती तास झाले हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून कलम १०० वर आलो. साहेबांनी रास्त शंका काढली : तो रस्त्यावर नाही, स्वतःच्या घरात आहे, मग हे कलम लागतं का? भटकणाऱ्यांसाठीचा भाग लागत नाही. धोक्याचा भाग मात्र ठाण्याच्या हद्दीतल्या कुठल्याही व्यक्तीबद्दल आहे, त्यात सार्वजनिक जागेची अट नाही. पण दार फोडून आत शिरा, असंही ते कलम कुठे म्हणत नाही. तेव्हा दार तोडायचं नाही, त्याला उघडायला लावायचं, आणि आईच्या जिवाला काही होतंय असं दिसलं तरच पुढचा विचार, असं ठरलं. ही अट साहेबांनी स्वतः डायरीत लिहिली.

काय केलं

त्याचं कुणाशी पटतं, हे त्याच्या वहिनीने सांगितलं. थोरल्याला ते ठाऊक नव्हतं. आत्या. बारा किलोमीटरवरच्या वाडीत राहते, लहानपणी तो सुट्टीत तिच्याकडेच असायचा.

आत्या दुपारी साडेबाराला आली ती डोक्यावर कळशी घेऊन. तिच्या आडाचं पाणी होतं. यावर आमच्या विभागात नंतर वाद झाला. त्याच्या भ्रमाला आपण खतपाणी घातलं का? माझं मत असं की आत्या खोटं काहीच बोलली नाही. नळाच्या पाण्यात विष आहे, असं तिने एकदाही म्हटलं नाही. जिन्यात कळशी ठेवून ती एवढंच म्हणाली, "बाळा, आपल्या आडाचं हाय. आधी तुझ्या आईला पाज."

साहेब साध्या कपड्यांत होते. कमरेचा पट्टा, पिस्तूल, टोपी सगळं गाडीत ठेवलेलं. गणवेशातले चौघे बोळाच्या तोंडाशी, नजरेआड. त्यांच्यात एक महिला शिपाई होती, आईसाठी. थोरल्याने आणलेल्या मोटारीच्या मागच्या सीटवर नायलॉनची नवी दोरी पडली होती, दुकानाची चिठ्ठीही अजून निघाली नव्हती. साहेबांनी ती उचलून थोरल्याच्या हातात दिली आणि घरात ठेवून या, म्हणाले.

पस्तीस मिनिटांनी कडी वाजली. दार कळशीपुरतं उघडलं, कळशी आत गेली, दार बंद. आतून भांड्याचा आवाज आला. मग पुन्हा दार उघडलं आणि आई बाहेर आली. महिला शिपाईने तिला धरून खाली आणलं. ग्लुकोमीटर आशा सेविकेकडे होता, साखर चारशेच्या वर. या आकड्यानंतर १०८ ला फोन झाला. आईला घेऊन ती गाडी ग्रामीण रुग्णालयात गेली.

धाकटा आता एकटा होता. धोका ज्या आईला होता ती सुटली, तर आता त्याला न्यायचं कारण उरतं का? जिन्यात उभ्या उभ्या साहेबांनी मला हा प्रश्न विचारला, आणि इतक्या वर्षांत कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याने मला विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता. मी सांगितलं की तीन दिवस अन्न नाही, पाणी नावापुरतं, खिडकीत कोयता, शेजाऱ्यांवर पक्का संशय. स्वतःला धोका आहेच. निर्णय मात्र त्यांचा, कारण कायद्याने मानायला कारण असणं हे ठाणे प्रमुखाच्या मनाशी जोडलंय, माझ्या नाही.

ते पायरीवर बसले आणि दारातून बोलले. मी शेजारी होते, म्हणून ते शब्द जवळजवळ जसेच्या तसे आठवतात. "दादा, मी पोलीस आहे. तुमच्यावर गुन्हा नाही, तुम्हाला अटक नाही. तुम्ही तीन दिवस जेवला नाहीत म्हणून तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायचंय. तपासून डॉक्टर सोडा म्हणाले तर मीच तुम्हाला घरी आणून सोडीन." कलम १०० मधलं कारण सांगण्याचं कर्तव्य म्हणतात ते हेच. माणूस भ्रमात आहे म्हणून त्याला काही कळत नाही, असं गृहीत धरून बहुतेक ठिकाणी हे सांगितलंच जात नाही. धाकट्याने एकच विचारलं, गाडी कुठली? पोलिसांची नाही म्हटल्यावर तो बाहेर आला. कोयता खिडकीतच राहिला होता, नंतर पंचनामा न करता थोरल्याच्या ताब्यात दिला.

बोळातून चालत जाताना शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं. त्या वेळी आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

दवाखान्याच्या दारात

आम्ही थेट जिल्हा रुग्णालयात आलो, पंचावन्न मिनिटांचा रस्ता. साडेतीनला अपघात विभागात पोचलो.

पोलिसांच्या वैद्यकीय यादीचा, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला देतात त्या पत्राचा, छापील नमुना आरोपी किंवा जखमी अशा दोनच शब्दांवर बेतलेला असतो. साहेबांनी दोन्ही शब्दांवर रेघ मारली आणि वर पेनाने लिहिलं : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ कलम १०० अन्वये संरक्षणात घेतलेली व्यक्ती, वेळ १४.३५. ती वेळ लिहिली म्हणून २४ तासांचं घड्याळ सगळ्यांना दिसलं.

ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणा, त्याशिवाय घेता येणार नाही. दोष त्यांचा एकट्याचा नाही. त्यांच्या मागच्या फळ्यावर चिकटवलेल्या सूचना जुन्या कायद्याच्या होत्या, आणि आमच्या विभागाने त्या कधी बदलल्या नव्हत्या. तो फळा मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. मी मोबाईलवर कलम दाखवलं, मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून दिला. यात सव्वा तास गेला. धाकटा बाकावर बसून होता. त्याच्याजवळ बसलेल्या हवालदारांनी खाली जाऊन सीलबंद पाण्याची बाटली आणली आणि न उघडता त्याच्या हातात दिली. त्याने झाकणाची कडी दोनदा तपासली, स्वतः फोडली आणि अर्धी बाटली एका दमात प्यायला.

संध्याकाळी सातला दुसरा पेच. मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या तालुक्यात शिबिराला, सकाळी येणार. वॉर्डात खाट नाही. मग सूचना आली की आज रात्री ठाण्यात न्या, उद्या नऊला आणा. लॉकअपमध्ये नाही, बाहेर बाकावर बसवा. साहेबांना पालखीच्या बंदोबस्ताला परत जायचं होतं, त्यांची माणसं सकाळपासून उपाशी होती. बाक कोठडीत मोडत नाही, असा युक्तिवाद करता येतो हे मला कळत होतं. पण रात्री ठाण्यात दुसरा आरोपी येतो, आरडाओरडा होतो, आणि मग बाकावरचा माणूस तेवढ्यापुरता म्हणून आत जातो. शिवाय एकदा दवाखान्यात आणलेल्या माणसाच्या तपासणीची व्यवस्था लावणं ही त्या संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे, असं तेच कलम म्हणतं. मी नाही म्हटलं, साहेबांनीही नाही म्हटलं.

वाट निघाली कलम ९४ मधून. जिवाला किंवा इतरांना गंभीर इजा टाळण्यासाठी तातडीचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर करू शकतो, मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. मुदत ७२ तासांपर्यंत. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फोनवर सल्ला घेऊन इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि अपघात विभागाच्या निरीक्षण खोलीत त्याला रात्रभर ठेवलं. दोन पोलीस खोलीबाहेर बसले, साध्या कपड्यांत.

प्रतिनिधी कोण, हा प्रश्न मात्र साधा नव्हता. कुणाला नेमलेलं नसेल तर कायदा नातेवाइकाकडे वळतो, आणि थोरला सही करायला पेन घेऊन उभा होता. ज्याच्याशी जमिनीचा दावा चालू आहे त्याच्याच सहीने धाकट्याला दाखल करायचं? मी धाकट्याला विचारलं, तुमच्या वतीने कुणी बोलावं? तो म्हणाला, आत्या. कायद्याला साधा कोरा कागद, त्याची सही किंवा अंगठा आणि प्रतिनिधीची लेखी संमती पुरते. त्याने सही केली, आत्याने अंगठा उमटवला. थोरला काही बोलला नाही, बाहेर जाऊन बसला.

पुढे काय झालं

गुरुवारी सकाळी मानसोपचारतज्ज्ञांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलं. आत्याने प्रतिनिधी म्हणून केलेल्या अर्जावर कलम ८९ खाली त्याला साहाय्यित रुग्ण म्हणून दाखल करून घेतलं. अशा दाखल करण्याची मुदत ३० दिवसांपर्यंत असते आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवावं लागतं. ते पत्र पाचव्या दिवशी गेलं. अकराव्या दिवशी तो डॉक्टरांशी औषधांबद्दल नीट बोलू लागला, तेव्हा त्याच्याच सहीने स्वतंत्र रुग्ण म्हणून पुढचा मुक्काम ठरला. एकोणिसाव्या दिवशी घरी गेला. आईची साखर चार दिवसांत आटोक्यात आली होती.

हे सगळं चांगलंच झालं असं मी लिहू शकत नाही. गच्चीवरचं ते चित्रण दोन दिवसांत गावाच्या ग्रुपांवर फिरलं, खाली मजकूर होता की कोयता घेऊन धावणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडलं. धावणं त्यात कुठेच नव्हतं. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला कायद्याची मनाई आहे, पण बोळात उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या मोबाईलपर्यंत ते कलम पोचत नाही. तालुक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्याचं काम जवळपास ठरलं होतं. मालकाने ते चित्रण पाहिलं आणि नको म्हणाला. दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी.

काय वेगळं करता आलं असतं

सोमवारची पहिली नोंद. गाडी आली तेव्हाच आई आत आहे, मधुमेही आहे, तो तीन वर्षांपूर्वी उपचार घेत होता, या तीन गोष्टी थोरला सांगत होता. त्या डायरीत असत्या तर मंगळवारच्या अंमलदाराने जमिनीचा वाद शोधला नसता. पोलीस ठाण्यात माणसं बदलतात, पुढच्या पाळीला दिसते ती फक्त लिहिलेली ओळ.

दवाखाना निवडताना चूक माझी झाली. कायदा जवळची सार्वजनिक आरोग्य संस्था म्हणतो, मानसिक आरोग्याचीच असं म्हणत नाही. ग्रामीण रुग्णालय दहा मिनिटांवर होतं आणि आई तिथेच होती. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याला म्हणून मी तिकडे न्यायला लावलं. तीन दिवस पाण्याविना असलेल्या माणसाची नाडी, ताप, क्षार आधी तपासायला हवे होते. अचानक बिघडलेल्या वागण्यामागे मेंदूज्वर असतो, दारू तोडल्याचा झटका असतो, शरीरातलं सोडियम घसरलेलं असतं. आमच्या सुदैवाने तसं काही नव्हतं. पंचावन्न मिनिटांच्या रस्त्यात ते कळण्याचा मात्र काहीच मार्ग आमच्याकडे नव्हता.

मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे हे त्याला सांगणं पोलीस आणि डॉक्टर दोघांचंही कर्तव्य. कुणीच सांगितलं नाही, मीही नाही. नवव्या दिवशी तालुका विधी सेवा समितीचा नंबर दिला, तो आत्यासमोर.

आणि गच्चीवरचा मोबाईल. चार गणवेशधारी आम्ही लपवले, पण गर्दी हटवायला एकालाही ठेवलं नाही. आता साहेब अशा वेळी एक माणूस फक्त त्यासाठी देतात.

अपघात विभागाचा फळा बदलला. तिथे कलम १०० आणि ९४ मराठीत मोठ्या अक्षरांत लावलेत, खाली आमच्या विभागाचा रात्रीचा नंबर. यादीचा छापील नमुना जुनाच आहे, शब्द अजूनही हाताने खोडावे लागतात.

दिवाळीनंतर धाकटा तपासणीला आला तेव्हा त्याने आगाऊ निर्देश लिहायचं मनावर घेतलं. पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो. तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू होत नाही आणि पोलिसांसाठी तर तो नाहीच, हे मी त्याला सांगितलं. तरी लिहितो म्हणाला. औषधांबद्दल दोन ओळी लिहिल्या, कुठल्या गोळीने हात थरथरतात ते लिहिलं, प्रतिनिधी म्हणून आत्याचं नाव घातलं. शेवटी लिहिलं : माझ्या गोळ्या बंद करायचा निर्णय माझ्याशिवाय कुणी घेऊ नये. पोलीस आले तर आधी आत्याला फोन करावा, पाणी तिने आणावं.

एक प्रत आमच्या फाइलला आहे. दुसरी त्याने स्वतः ठाण्यात नेऊन बीट अंमलदारांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडून पोच घेतली.